सिंहगड ते हिमालय: डोंगरात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

डोंगर चढायला सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: घरून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल, अशा डोंगरापासून. बहुतेकांना हे उत्तर आवडत नाही. त्यांनी मोबाइलवर हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्या किंवा कलावंतीणचा सुळका पाहिलेला असतो आणि पुढच्याच रविवारी तिथे जायचं असतं. पण उंचीची सवय नसलेल्या माणसाचे पाय हरिहरच्या पायऱ्यांवर मध्येच थरथरायला लागतात. मागे रांग लागलेली असते आणि उतरणाऱ्यांनाही तीच वाट असते. जवळच्या, साध्या डोंगरावर जे शिकता येतं ते आधी शिकून घ्या. हिमालयातही तेच उपयोगी पडतं.

पहिली पायरी: अर्ध्या दिवसाचा डोंगर

पुणेकरांसाठी सिंहगड आहेच. स्वारगेटहून पीएमपीची बस पायथ्याला जाते आणि आतकरवाडीतून पायवाट सुरू होते. सुमारे सहाशे मीटरची चढाई आहे, वाट मळलेली आहे, सोबतीला माणसं आहेत. मुंबईकरांनी कर्जतजवळचा पेठचा किल्ला घ्यावा, नाहीतर लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलने मळवलीला उतरून भाजे गावातून लोहगड गाठावा. नाशिककरांना अंजनेरी आहे, साताऱ्याला अजिंक्यतारा, कोल्हापूरला पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर. छत्रपती संभाजीनगरकरांना देवगिरी. विदर्भातल्यांनी रामटेकपासून सुरुवात करून पुढे चिखलदरा, गाविलगड करावा.

यांपैकी एक डोंगर निवडा आणि दोन-तीन महिने त्याच डोंगरावर जात राहा. दर वेळी नवा किल्ला हवा असतो हे मला कळतं, पण एकाच वाटेवर पुन्हा पुन्हा गेलात तरच स्वतःचा अंदाज येतो. पहिल्या अर्ध्या तासात धाप लागते ती कुठल्या वळणावर, पाणी किती संपतं, उतरताना गुडघा कधी बोलायला लागतो, हे तुमचं तुम्हाला कळायला हवं. घड्याळ लावून चढा. नवख्या माणसाने तासाला तीनशे मीटर उंची गाठली तर ती उत्तम गती समजा. हा आकडा पुढे फार कामाला येतो. कळसूबाईला बारी गावातून साडेआठशे-नऊशे मीटर चढायचं असतं, म्हणजे तुम्हाला तीन तास लागणार, त्यावर फोटो आणि विश्रांतीचा आणखी एक तास धरा, हे घरी बसूनच सांगता येतं.

चढताना एक साधा नियम पाळा. बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा, थांबू नका. धावत चढून दर दहा मिनिटांनी दगडावर बसणारा माणूस सावकाश, न थांबता चालणाऱ्याच्या मागेच राहतो.

आणि उतरायला शिका. चढ दमवतो, पण पाय मुरगळतात ते बहुतेक वेळा उतारावर, तेही ट्रेक संपत आल्यावर, जेव्हा लक्ष गप्पांत असतं. घसाऱ्यावर, म्हणजे बारीक खडी आणि सुटी माती असलेल्या उतारावर, लोक घाबरून मागे झुकतात. मागे झुकलं की टाच सुटते आणि माणूस बसकण मारतो. गुडघे किंचित वाकवा, वजन पायांच्या वर ठेवा, पावलं छोटी आणि थोडी आडवी टाका. उतरण्याआधी बुटांच्या नाड्या घोट्याजवळ घट्ट करा, म्हणजे बोटं पुढे जाऊन आपटणार नाहीत. ट्रेकला निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापून ठेवा. हे क्षुल्लक वाटेल, पण काळं-निळं पडलेलं नख पुढचे कित्येक आठवडे चालू देत नाही.

दुसरी पायरी: पूर्ण दिवसाचा ट्रेक

आता थोडं सामान लागेल. सगळ्यात आधी बूट. महाराष्ट्रातल्या कितीतरी ट्रेकर्सनी अ‍ॅक्शनच्या साध्या ट्रेकिंग बुटांवर वर्षानुवर्षं सह्याद्री पालथा घातला आहे, कारण त्यांचा तळ ओल्या कातळावर पकड धरतो. महाग बूट घ्यायलाच हवेत असं नाही. पळण्याचे गुळगुळीत तळाचे बूट मात्र नकोत. नवे बूट थेट ट्रेकला घालू नका, आठवडाभर रोजच्या वापरात घाला.

पाठीवर वीस-पंचवीस लिटरची सॅक पुरते. हातात पिशवी किंवा बाटली नको, दोन्ही हात मोकळे हवेत. सॅकमध्ये पाणी किमान तीन लिटर, मार्च ते मे या काळात चार. ओआरएसची दोन पाकिटं, हेडटॉर्च (दिवसाचा ट्रेक असला तरी), शिट्टी, क्रेप बँडेज, स्वतःची औषधं, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. खाण्यासाठी चपातीचा रोल, ठेपले, गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, एखादी काकडी. चिप्सनी तहान वाढते आणि वेष्टणं डोंगरावर उडतात. जीन्स घालू नका. ती भिजली की जड होते आणि मांड्या सोलून काढते.

कुठे जायचं? कळसूबाई हा चांगला पर्याय आहे. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, अवघड जागी लोखंडी शिड्या. राजगड त्याहून आवडता. गुंजवण्यातून चोर दरवाजाने चढा आणि पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी उतरा. मात्र उतरल्यावर गाडी पालीच्या बाजूला असायला हवी, याची सोय आधीच करा. राजगडावर वेळ हाताशी ठेवून जा. संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीतून चालायला आणि बालेकिल्ल्यावरून तिन्ही माच्यांचा पसारा बघायला घाई उपयोगाची नाही. शिवाजी महाराजांची राजधानी रायगडावर जाण्याआधी दोन तपांहून अधिक काळ इथे होती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांतही राजगड आहे.

पूर्ण दिवसाच्या ट्रेकमध्ये नवी गोष्ट शिकायची ती वाट शोधणं. सह्याद्रीत माणसं चुकतात ती बहुधा ढोरवाटांमुळे. गुरांच्या पायवाटा मळलेल्या असतात, रुंद असतात आणि कारवीच्या रानात कुठेतरी विरून जातात. प्रत्येक फाट्यावर थांबा आणि मागे वळून बघा. परतताना ही जागा तुम्हाला उलट्या बाजूने दिसणार आहे आणि पूर्ण अनोळखी वाटणार आहे. वाकडं झाड, पांढरा पट्टा असलेला कातळ, असं काहीतरी मनात टिपून ठेवा, मोबाइलवर फोटो काढलात तर आणखी चांगलं. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, आधी कुणी चाललेल्या वाटेचा ट्रॅक मिळाला तर तोही. दरीत रेंज नसते आणि गाडीरस्ते दाखवणारा नकाशा पायवाटा दाखवत नाही. वाट हरवली असं वाटलं तर शेवटची खात्रीची खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत परत या. खाली गाव दिसतंय म्हणून ओढ्यात उतरायचा मोह फार होतो. ओढा पुढे कड्यावरून कोसळत असतो.

गावात वाट विचारायचीही रीत आहे. "मामा, ही वाट गडावर जाते ना?" असं विचारलं तर समोरचा भला माणूस मान डोलावतो, कारण सगळ्याच वाटा कशाबशा गडावर जातात. "मामा, गडावर जायला कुठली वाट? मध्ये फाटा कुठं लागतो? पाणी कुठं आहे?" असं विचारा. "हे काय, इथंच, अर्ध्या तासावर" हा त्यांच्या पायांचा हिशोब असतो, आपण तो दुप्पट धरायचा. अनोळखी किंवा कमी वापराच्या वाटेवर गावातला वाटाड्या घ्या आणि त्याच्या पैशात घासाघीस करू नका.

चार ते आठ जणांचा गट सोयीचा. एकाने पुढे राहायचं, एका अनुभवी माणसाने सगळ्यांत मागे. मागच्याच्या पुढे सगळे असले पाहिजेत, हा एवढा नियम पाळला तर कुणी हरवत नाही. एकटे जाऊ नका. घरच्यांना लिहून कळवा: कुठल्या गावातून चढणार, कुठे उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. बचावासाठी ११२ आहेच. शिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवा. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं रात्री-बेरात्री, पावसात, दोर घेऊन दरीत उतरतात. आपल्यामुळे त्यांना उतरावं लागू नये इतकी तयारी आपली असावी.

पावसाळ्याबद्दल थोडं सविस्तर

नवे लोक सर्वांत जास्त पावसाळ्यात बाहेर पडतात आणि धोकाही तेव्हाच सर्वांत जास्त असतो. हिरवा सह्याद्री, धबधबे, ढगात बुडालेल्या माच्या हे सगळं मला जिवापाड आवडतं. म्हणूनच सांगतो, शेवाळलेल्या कातळावर जगातला कुठलाही बूट टिकत नाही. कातळावर मध्येच पाय ठेवण्यापेक्षा कडेचं गवत, खाच किंवा झाडाचं मूळ बघा.

पाण्याचं वागणं समजून घ्या. तुम्ही उभे आहात तिथे पाऊस नसेल, पण वरच्या पठारावर पडत असेल. सह्याद्रीचे कडे उभे आणि कातळाचे असल्याने ते पाणी मुरत नाही, काही मिनिटांत ओढ्यात येतं. पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात पाला-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, की लगेच काठावर या. सामान राहू द्या. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते पाण्याच्या मधोमध एका खडकावर उभे होते आणि बघता बघता चारही बाजूंनी पाणी चढलं. सकाळी घोट्याएवढं असलेलं ओढ्याचं पाणी दुपारी कमरेएवढं होऊ शकतं, म्हणून परतीच्या वाटेवर ओढा असेल तर जोराच्या पावसात तो ट्रेक सोडून द्या. पाणी ओसरेपर्यंत अलीकडे बसून राहणं हाही योग्य निर्णय असतो, भले घरी पोहोचायला रात्र होवो.

दरडींचं वेगळं. सलग दोन-तीन दिवस धुवाधार पाऊस झाला असेल तर उभ्या डोंगराच्या पोटातल्या वाटा टाळा. जुलै २०१४ मध्ये माळीण आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी, दोन्ही गावांवर डोंगर आला तो अशाच पावसानंतर. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात काही धबधबे आणि वाटा बंद करतं. बंदी असेल तर मागच्या दाराने शिरू नका.

छत्री वाऱ्यात निकामी ठरते, रेनकोट घ्या. सॅकला वरून आवरण असलं तरी आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यातच कपडे भरा. कोरड्या कपड्यांचा एक जोड परतीसाठी गाडीत किंवा पिशवीच्या तळाशी राहू द्या.

बाकी ऋतूंचं थोडक्यात: मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला काजवे, सप्टेंबरमध्ये सोनकीची पिवळी पठारं, ऑक्टोबरमध्ये चटके, नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला सर्वोत्तम. उन्हाळ्यात पहाटे चढा आणि अकराच्या आत सावली गाठा.

उन्हाळ्या-हिवाळ्यात कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर लावू नका, शेकोटीचा धूर करू नका, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर अंग, तोंड झाकून त्या जागेपासून लांब जा. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट आवळू नका. चावलेला भाग हलू देऊ नका, रुग्णाला चालवू नका आणि लवकरात लवकर सरकारी रुग्णालय गाठा, विषावरचं इंजेक्शन तिथे मिळतं.

तिसरी पायरी: डोंगरात मुक्काम

पहिला मुक्काम गावाजवळचा असावा. राजमाची त्यासाठी उत्तम आहे. लोणावळ्याहून लांबलचक पण सोप्या वाटेने चालत उधेवाडीत पोहोचायचं, गावातल्या घरात जेवायचं, झोपायचं, सकाळी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले बघायचे आणि हवं तर कोंढाणे लेण्यांच्या बाजूने कर्जतकडे उतरायचं. जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगा. ऐन वेळी दहा जणांनी दारात उभं राहून "मावशी, भाकरी होईल का?" म्हणणं बरं नव्हे.

दुसरा मुक्काम हरिश्चंद्रगडावर करा. पाचनईची वाट सोपी आहे, खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब पडते आणि तिच्यात कातळटप्पे आहेत. नळीची वाट नवख्यांसाठी नाही. कोकणकड्यावर संध्याकाळ आणि केदारेश्वराच्या गुहेतलं गार पाणी यासाठी रात्र वर काढावी असाच तो गड आहे. कड्याच्या टोकाशी उभं राहून फोटो काढू नका. वारा खालून वर येतो आणि फसवतो. टोक बघायचं असेल तर पोटावर झोपून बघा.

मुक्कामाला मॅट, ऋतूप्रमाणे पांघरूण किंवा स्लीपिंग बॅग आणि स्वतःची ताटली-पेला लागतो. सॅक भरताना स्लीपिंग बॅग तळाला, जड वस्तू (शिधा, भांडी, पाणी) पाठीला लागून मधल्या उंचीवर, हलकं बाहेरच्या बाजूला, आणि टॉर्च-रेनकोट सगळ्यांत वर. कंबरेचा पट्टा आधी आवळा, मग खांद्याचे. वजन कंबरेवर यायला हवं. गडावरच्या टाक्यांपैकी प्यायचं पाणी कुठलं हे गावात विचारा, आणि तेही उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून प्या. प्यायच्या टाक्यात हातपाय धुऊ नका. शौचाला टाक्यांपासून आणि ओढ्यापासून दूर, खड्डा करून, नंतर माती लोटून. सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, वेष्टणं सगळं बंद पिशवीत भरून खाली आणायचं.

काही गडांवर आणि जंगलात मुक्कामाला मनाई आहे, नियम बदलतही असतात. वनखात्याकडे किंवा पायथ्याच्या गावात आधी चौकशी करा.

चौथी पायरी: सलग दोन-तीन दिवस

सामान पाठीवर घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या पायांनी पुन्हा निघणं, ही मोहिमेची खरी पहिली चव. सुरुवातीला जुलैमधला पन्हाळा ते पावनखिंड करा. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज ज्या रात्री निसटले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली, त्याच वाटेवरून दर वर्षी आषाढात मोठमोठे गट चालतात. म्हाळुंगे, मसाई पठार, करपेवाडी, पांढरपाणी असे दोन दिवस चिखल तुडवायचा असतो. चढ मोठे नाहीत, वाटेत वस्त्या आहेत, गावकरी आपुलकीने खाऊपिऊ घालतात. पायांची आणि मनाची परीक्षा होते, पण जीव टांगणीला लागत नाही.

त्यानंतर हिवाळ्यात तोरणा-राजगड. वेल्ह्यातून तोरणा, बुधला माचीवरून उतरून डोंगररांगेने चालत आळू दरवाजातून संजीवनी माचीवर. मधल्या रांगेवर पाणी जवळपास नाही, त्यामुळे दिवसभराचं पाणी तोरण्यापासूनच पाठीवर हवं. अलंग-मदन-कुलंगसारखे किल्ले या टप्प्यावरही दोराशिवाय आणि प्रशिक्षित माणसांशिवाय नकोत.

पाचवी पायरी: हिमालय

इथे सह्याद्रीत तयार झालेल्यांची एक अडचण असते. आपले पाय दणकट असतात, उन्हाची सवय असते, पण आपलं सर्वोच्च शिखरच १,६४६ मीटरचं. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो, म्हणजे त्याची ओळख आपल्याला इथे होतच नाही. आणि तो धट्ट्याकट्ट्या, भरभर चालणाऱ्यांनाही होतो. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं ही सुरुवात असते. अशी लक्षणं असताना आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर रात्र असली तरी त्याला लगेच खाली आणायचं. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. ती गोळी खाली उतरण्याला पर्याय होत नाही.

पहिल्या ट्रेकसाठी मी उत्तराखंडातलं हर की दून सुचवतो. सांक्रीहून निघून दरीदरीने उंची हळूहळू वाढत साडेतीन हजार मीटरपर्यंत जाते, वाटेत जुनी लाकडी घरं असलेली गावं लागतात आणि शरीराला वेळ मिळतो. त्याच सांक्रीहून जाणारा केदारकंठा हल्ली हिवाळ्यात नवख्यांना सर्रास सुचवला जातो. ३,८०० मीटर, बर्फ आणि उणे तापमान ही तिन्ही ओळखी एकाच आठवड्यात करून घेण्यापेक्षा तो दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. पूर्वेकडे जायचं असेल तर पश्चिम बंगाल-नेपाळ सीमेवरचं संदकफू (३,६३६ मीटर) सुंदर आहे.

कपडे एका जाड जाकिटाऐवजी थरांमध्ये घ्या: आत घाम शोषून लवकर वाळणारा थर, मध्ये लोकरी किंवा फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारा. सुती बनियन ओली राहते आणि अंग गारठवते. निघण्याआधी तीन महिने आठवड्यातून चार दिवस व्यायाम करा आणि दर रविवारी आपल्या पहिल्या पायरीवरच्या डोंगरावर सॅक घेऊन जा, आधी पाच किलो, मग आठ, मग दहा.

मोहीम

शिखर चढायचं मनात असेल तर प्रशिक्षणाला पर्याय नाही. १९५४ मध्ये स्थापन झालेली दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, १९६५ ची उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट आणि मनालीची संस्था इथे साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स होतो. दोर, गाठी, बर्फावरची चाल, घसरल्यावर बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीने (आइस अ‍ॅक्स) स्वतःला थांबवणं हे सगळं तिथे अंगात भिनवतात. जागा लवकर भरतात, म्हणून अर्ज कित्येक महिने आधी करा. पुढच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सला जायचं तर बेसिकमध्ये ए ग्रेड लागते. त्याआधी महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांची प्रस्तरारोहणाची शिबिरं करून गेलात तर कोर्समध्ये हात धरून शिकवावं लागत नाही. महाराष्ट्रातले गिर्यारोहक सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमीची मोहीम तिथे गेली, २०१९ मध्ये हीच संस्था कांचनजुंगावर होती. अशा संस्थांच्या साध्या रविवारच्या ट्रेकला जाऊ लागलात की मोहिमा आखणारी माणसं तुमच्या शेजारी बसून डबा खात असतात. त्यांना विचारा.

पहिली मोहीम मनालीजवळच्या फ्रेंडशिपसारख्या (५,२८९ मीटर) शिखराची असावी. हवामानासाठी किमान दोन दिवस राखीव ठेवा आणि परतीचं तिकीट त्या राखीव दिवसांच्या पुढचं काढा. शिखराच्या दिवशी माघारी फिरायची वेळ आदल्या रात्री तंबूत बसून ठरवा आणि नेत्याच्या वहीत लिहा, कारण शिखर समोर दिसत असताना घड्याळाकडे बघायला कुणालाच नको असतं.